पुलास्कीच्या बोगद्यापर्यंत

अमेरिकेच्या वायव्य भागातील आयडाहो राज्यात वॉलेस नावाचे एक लहानसे गाव आहे. चोहोबाजूंनी उभे डोंगर, मधल्या चिंचोळ्या खोऱ्यात विटांच्या जुन्या इमारती आणि आसपास चांदीच्या व शिशाच्या खाणी, असे त्याचे रूप. खाणींमुळे हे गाव वसले; इतिहासात मात्र त्याचे नाव राहिले ते १९१० सालच्या एका वणव्यामुळे. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात त्या भागातील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर गेले असता त्यांच्या जागी काही आठवडे सेवा करण्याचा योग आम्हांस आला. रविवारच्या मिस्सानंतर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "फादर, आमचा बोगदा पाहिलात का?" आम्हांस वाटले, आगगाडीचा एखादा बोगदा असेल. "तिथे आगगाडी जात नाही," ते म्हणाले, "तिथे माणसे वाचली." दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या मोटारीतून आम्ही निघालो.

गावाच्या दक्षिणेस सुमारे दीड किलोमीटरवर, प्लेसर क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठी ही पाऊलवाट सुरू होते. बोगद्यापर्यंतचे अंतर सव्वातीन किलोमीटर आणि चढ सुमारे अडीचशे मीटर. तरुणास ही वाट किरकोळ वाटेल. पन्नाशी उलटलेल्या आमच्या गुडघ्यांस ती तितकी किरकोळ वाटली नाही. ओढा सतत सोबतीला असतो. मधूनमधून त्यावर लाकडी साकव आहेत आणि ठिकठिकाणी इतिहास सांगणारे फलक लावले आहेत. झाडी दाट, सावली ओलसर. पण त्या हिरवाईत अचानक एखादा काळा ठिक्कर बुंधा उभा दिसतो. प्रथम आम्ही दुर्लक्ष केले. तिसऱ्या बुंध्यापाशी सोबती थांबले आणि त्यावर तळहात ठेवून म्हणाले, "हा त्याच दिवशीचा." सीडरचे लाकूड सहजासहजी कुजत नाही. शंभराहून अधिक पावसाळे व हिमवर्षाव झेलून तो कोळसा अजून उभा आहे. त्या दिवशी आसमंतात धुरकट पडदा होता. त्या उन्हाळ्यातही आसपासच्या डोंगरांत वणवे पेटलेले होते. आम्ही खोकत चढत होतो आणि जुन्या वणव्याची कथा ऐकत होतो.

ती कथा समजण्यासाठी त्या काळची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेचे संघराज्य वनखाते १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत अस्तित्वात आले. गिफर्ड पिंशो हे त्याचे पहिले प्रमुख. खाते लहान, जंगल अफाट आणि पैसा तुटपुंजा. खाणवाले, लाकूडवाले व त्यांचे राजकीय पाठीराखे या नव्या खात्याचा द्वेष करीत. खात्याचे कडवे विरोधक सिनेटर वेल्डन हेबर्न हे तर वॉलेसचेच रहिवासी. १९१० च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी पिंशो यांना पदावरून दूर केले. त्याच वर्षी वसंतातला पाऊस दडी मारून बसला आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत गेला. जुलैच्या अखेरीस कोरड्या विजा कोसळल्या. आगगाड्यांच्या इंजिनांतून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांच्या कडेचे गवत पेटत होतेच. ऑगस्टच्या मध्यास त्या डोंगरांत लहानमोठ्या हजाराहून अधिक आगी धुमसत होत्या.

आगी विझवणार कोण? खात्याकडे माणसे मूठभर. तेव्हा ताशी २५ सेंट मजुरीवर मिळेल तो माणूस घेण्यात आला. खाणकामगार, लाकूडतोडे, कामाच्या शोधात मालगाड्यांतून भटकणारे बेकार, नुकतेच युरोपातून उतरलेले इटालियन, आयरिश व स्लाव्ह स्थलांतरित, असे हजारो लोक कुऱ्हाडी, कुदळी व फावडी घेऊन डोंगर चढले. त्यांतील पुष्कळांना इंग्रजी धड येत नव्हते. वणवा कसा अडवावा हे तर बहुतेकांना कोणी शिकवलेच नव्हते. पुढे सैन्यही बोलावण्यात आले. त्यात पंचविसाव्या पायदळ पलटणीचे कृष्णवर्णीय सैनिक होते. अव्हरी हे गाव आगीच्या तडाख्यात सापडले, तेव्हा तेथील बायकामुलांना आगगाडीने सुखरूप बाहेर काढण्याचे काम त्यांनी केले. ज्यांना एरवी त्या समाजात मानाचे स्थान नव्हते, त्यांच्याच हाती त्या दिवशी गावाचे प्राण होते.

शनिवार, २० ऑगस्ट १९१०. दुपारनंतर नैर्ऋत्येकडून वादळी वारा सुटला आणि सुट्या सुट्या आगी एकमेकींत मिसळून आगीचा एकच लोळ झाला. दोन दिवसांत आयडाहो, मॉन्टाना व वॉशिंग्टन या राज्यांतील सुमारे ३० लाख एकर जंगल जळाले. आमच्या वाचकांस कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर हे क्षेत्र संपूर्ण गोवा राज्याच्या तिपटीहून अधिक भरते. किमान ८५ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ७८ जण आग विझवण्यासाठी गेलेले होते. वॉलेस गावाचा सुमारे एकतृतीयांश भाग बेचिराख झाला.

त्या दुपारी गावामागच्या डोंगरात एड पुलास्की नावाचा रेंजर आपल्या माणसांना गोळा करीत फिरत होता. वय चाळिशीच्या पुढे. वनखात्यात येऊन त्यास अवघी दोन वर्षे झाली होती. त्यापूर्वी त्याने खाणींत व डोंगरांत अनेक वर्षे काढली होती. विद्यापीठातून शिकून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यास ठाऊक होती: कोणत्या ओहोळाच्या कडेला कोणती सोडून दिलेली खाण आहे. पळत सुटलेली सुमारे ४५ माणसे त्याने एकत्र केली. वॉलेसकडे उतरण्याची वाट आगीने बंद झाली होती. एका वृद्ध मजुरास चालवेना, तेव्हा रेंजरने आपला घोडा त्यास दिला. डोक्यावर ओले गोणपाट घेऊन तो धुरात पुढे गेला, बोगदा सापडतो का ते पाहून परत आला आणि सर्वांना घेऊन निकल्सन खाणीच्या बोगद्यात शिरला. जळती झाडे आजूबाजूस कोसळत होती.

आम्ही त्या जागी पोहोचलो तेव्हा उन्हे डोक्यावर आली होती. वाट ओढ्याच्या अलीकडे थांबते आणि पलीकडच्या कड्याच्या पायथ्याशी ते तोंड दिसते. आत कोणी जाऊ नये अशी व्यवस्था आहे, आणि ते योग्यच आहे. आमच्या मनात एखाद्या भव्य गुहेचे चित्र होते. प्रत्यक्षात ते तोंड आमच्या मंदिराच्या बाजूच्या दरवाजाएवढेही नसावे. एवढ्याशा भोकातून ४५ माणसे आणि दोन घोडे आत गेले? आत खोली सुमारे ७५ मीटर. पलीकडे बाहेर पडण्यास वाट नाही. समोर आग आणि मागे खडक.

बोगद्याच्या तोंडाशी लाकडी चौकटी होत्या; त्या पेट घेऊ लागल्या. पुलास्कीने कांबळी पाण्यात बुडवून तोंडाशी टांगली आणि हॅटमध्ये पाणी घेऊन तो ती पुनःपुन्हा भिजवू लागला. कांबळी जळत, तो दुसरी टांगी. हवा विषारी होऊ लागली. धुराने व भीतीने वेडावलेल्या माणसांपैकी एकाने बाहेर धाव घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा पुलास्कीने पिस्तूल उपसले आणि जो बाहेर पडेल त्यास आपण गोळी घालू, असे बजावले. माणसे थांबली. त्याने सर्वांना जमिनीवर, चिखलात तोंड खुपसून पालथे पडण्यास सांगितले, कारण श्वास घेण्याजोगी हवा तेवढी तेथेच उरली होती. एकामागून एक सारे बेशुद्ध झाले. शेवटी तोही झाला.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही बळाच्या वापराविषयी बरेच काही शिकलो होतो. माणसास वाचवण्यासाठी त्याच्यावरच पिस्तूल रोखावे काय, असा प्रश्न तेथे कोणी विचारला असता तर आम्ही दोन्ही बाजूंची मते क्रमवार मांडली असती. त्या ओढ्याकाठी तो प्रश्न फार अवघड वाटला. पुलास्कीचा अंदाज चुकला असता, तर त्याने ४५ जणांस स्वतःच्या हाताने थडग्यात कोंडले असे झाले असते. तो बरोबर ठरला, हे आपण आज जाणतो; त्यास ते ठाऊक नव्हते. एवढे मात्र निश्चित, की तो सर्वांत मागे सुरक्षित जागी बसला नाही. जेथे धग सर्वांत जास्त होती त्या तोंडाशी, पेटत्या पडद्यास लागून तो उभा राहिला. अधिकाराचे स्थान कोठे असावे, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही. धर्मग्रामाचा भार वाहणाऱ्या माणसाने ते उत्तर अधूनमधून स्वतःस वाचून दाखवावे.

रविवारी पहाटे पाचच्या सुमारास कोणास तरी शुद्ध आली. रेंजर तोंडाशी निपचित पडला होता. साहेब मेला, असे कोणीतरी म्हणाले. त्यावर त्या 'मेलेल्या' साहेबानेच खरमरीत शब्दांत ते खोडून काढले. हा प्रसंग पुलास्कीने पुढे स्वतः नोंदवून ठेवला आहे. माणसांची मोजदाद झाली: पाच जण आत मरण पावले होते. काही धुराने गुदमरले, तर काही बेशुद्धीत तेथल्या साचलेल्या पाण्यात बुडाले असे सांगतात. घोडेही जगले नाहीत. वाचलेले सरपटत ओढ्यापाशी गेले, पण पाणी कढत होते आणि राखेने भरलेले. त्यांना ते पिता आले नाही. बूट जळलेले, कपड्यांच्या चिंध्या झालेल्या, अशा अवस्थेत ती माणसे पडलेल्या जळत्या झाडांवरून वॉलेसकडे निघाली. वाटेत गावच्या बायका कॉफी घेऊन त्यांना सामोऱ्या आल्या.

येथपर्यंतची कथा अमेरिकेत पुष्कळांना ठाऊक आहे. पुढची तितकी सांगितली जात नाही. पुलास्की सुमारे दोन महिने रुग्णालयात होता. एका डोळ्याची दृष्टी गेली, फुप्फुसे कायमची दुखावली. शासनाकडून त्यास या जखमांची भरपाई मिळाली नाही. १९२३ साली एका वनविषयक मासिकाने निबंधस्पर्धा जाहीर केली, तेव्हा त्याने आपला अनुभव लिहून धाडला. हेतू हा, की बक्षीस मिळाले तर डोळ्यावर उपचार करता येतील. त्यास ५०० डॉलरांचे बक्षीस मिळाले. त्या रात्रीविषयी तो एरवी फारसे बोलत नसे. वीराची कहाणी आपल्या हाती आली ती अशी, गरजेपोटी.

दुसरे काम त्याने कोणीही न सांगता केले. आपल्या मृत साथीदारांच्या थडग्यांची निगा तो स्वतः राखी, आणि त्यांच्यावर योग्य स्मारक उभारावे म्हणून वरिष्ठांस पत्रे लिही. त्या वणव्यात मेलेल्यांपैकी कित्येकांची धड नावेही ठाऊक नव्हती. हजेरीपटावर लिहिणाऱ्याने परकी नावे जशी ऐकू आली तशी टिपली होती. कोठेतरी इटलीत वा बाल्कन प्रदेशात एखादी आई पत्राची वाट पाहत राहिली असेल, आणि तिच्या मुलाचे नाव येथे चुकीच्या स्पेलिंगने वहीत पडून असेल. आम्ही कॅथलिक लोक नोव्हेंबरात सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो. ज्यांचे स्मरण करणारे कोणी नाही त्यांच्यासाठी विशेष करतो. पुलास्कीने गवत उपटून व दगड लावून तीच प्रार्थना केली, असे आम्हांस वाटते.

तिसरे काम लोहारकीचे. वणवा अडवताना कुऱ्हाडही लागते आणि जमीन खरवडण्यास कुदळही. उभ्या चढावर दोन्ही वाहून नेताना माणूस मेटाकुटीस येतो. पुलास्कीने घरच्या भट्टीत एक हत्यार सिद्ध केले: एकाच दांड्यावर एका बाजूस कुऱ्हाडीचे पाते आणि दुसऱ्या बाजूस सुताराच्या वाकसासारखे आडवे पाते. अशा जोडहत्याराची कल्पना त्याच्याही आधी अनेकांना सुचली होती, आणि त्याच्या सहकाऱ्यांचाही यात वाटा होता, असे जाणकार सांगतात. परंतु वापरण्याजोगा आकार त्याच्या हातून आला आणि ते हत्यार त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. आजही अमेरिकेत वणवा अडवणाऱ्यांच्या हाती 'पुलास्की' असते. त्याच्या जखमांची दखल ज्यांनी घेतली नाही, त्यांच्या कोठारांत त्याच्या नावाची हजारो हत्यारे पडून आहेत. पुलास्की १९३१ साली मरण पावला.

परतीच्या वाटेवर सोबत्यांनी एक विचार बोलून दाखवला, आणि तो आम्हांस या सर्व इतिहासाचे मर्म वाटतो. ते तरुणपणी उन्हाळ्यात वणवे विझवण्याच्या कामास जात. ते म्हणाले, "फादर, या बोगद्यापासून आम्ही चुकीचा धडा शिकलो."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा. १९१० च्या वणव्याने वनखात्यास वीर मिळाले, लोकांची सहानुभूती मिळाली आणि पैसाही मिळू लागला. त्यावेळी त्या विभागाची जबाबदारी असलेले विल्यम ग्रीली पुढे १९२० मध्ये खात्याचे प्रमुख झाले; त्यांचे सहकारी फर्डिनंड सिलकॉक्स १९३३ मध्ये झाले. दोघांच्याही मनावर त्या दोन दिवसांचे चटके कायम होते. आग म्हणजे शत्रू आणि जंगल म्हणजे रणभूमी, ही भाषा रूढ झाली. १९३५ साली सिलकॉक्स यांनी नियम घालून दिला, की कोणतीही आग दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. चार दशकांहून अधिक काळ हा नियम चालला. त्या प्रदेशातील आदिवासी पूर्वापार ठराविक काळी लहान आगी लावून रानमेव्याच्या व चराईच्या जागा मोकळ्या ठेवीत, तेही थांबले. लहान आगी थांबल्याने वाळलेला पाचोळा, फांद्या व दाट रोपे साचत गेली, आणि पुढे जेव्हा आग लागली तेव्हा ती न आवरणारी लागली. १९७८ साली तो नियम मागे घेण्यात आला. आज तेथे जाणकारांच्या देखरेखीखाली मुद्दाम लहान आगी लावतात. अलीकडच्या वाढत्या उष्णतेने हे काम अधिकच कठीण केले आहे.

हे ऐकताना आम्हांस आमच्या भागातील शेतकरी आठवला. पावसाळ्यापूर्वी तो राब भाजतो. वारा पाहतो, कडेने जमीन साफ करतो, पाण्याचा हंडा जवळ ठेवतो आणि आग विझेपर्यंत बांधावरून हलत नाही. त्याच्या लेखी आग शत्रू नाही आणि खेळणेही नाही. आणि त्याच डोंगरात कोणी निष्काळजीपणे टाकलेल्या विडीने अख्खी रात्र रान जळते, हेही आपण पाहतो. दोन्ही आगींत फरक आहे तो राखण करणाऱ्या माणसाचा.

आता पुन्हा बोगद्याकडे पाहू. त्या रात्री पुलास्कीने आगीवर विजय मिळवला नाही. तो पळाला, लपला, आणि आग निघून जाईपर्यंत चिखलात पडून राहिला. त्या माणसांत आग विझवण्याचे बळ नाही, हे त्याने वेळेवर ओळखले. म्हणून ४० जण जगले. त्याच रात्री इतर डोंगरांवर ज्यांना कोणी वेळेवर मागे वळवले नाही, तेथे माणसांचे गटच्या गट जळून गेले. वीरकथा सांगताना लोकांनी पिस्तूल लक्षात ठेवले. ओले कांबळे विसरले. रानाचा धनी आपण आहोत हा गर्व त्यानंतर वाढला. त्या कांबळ्याने तर नेमकी उलट गोष्ट शिकवली होती.

वॉलेसहून सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेस येशूच्या पवित्र हृदयाचे जुने मिशनमंदिर आहे. परतताना आम्ही तेथे थांबलो. फादर द स्मेट यांनी जिला संत जोसेफचे नाव दिले त्या नदीकाठी येशूसंघीयांनी १८४२ साली कॉर्डलेन आदिवासींसाठी मिशन सुरू केले. ती जागा पुराच्या पाण्याखाली जाई, म्हणून चार वर्षांनी ते येथील टेकडीवर हलवले. १८५० ते १८५३ या काळात इटालियन धर्मगुरू फादर अँटोनियो रावाली आणि कॉर्डलेन लोक यांनी मिळून हे मंदिर बांधले: लाकडाचे सांगाडे, त्यांत विणलेले गवत, वर चिखलाचा गिलावा. ती आयडाहोतील आज उभी असलेली सर्वांत जुनी इमारत मानली जाते. नदीच्या काठी बांधून चुकलो हे त्या मिशनऱ्यांनी चार वर्षांत कबूल केले आणि ते टेकडीवर गेले. अशी कबुली सोपी नसते.

त्या शांत मंदिरात बसलो असता एलिया संदेष्ट्याची कथा मनात आली. होरेब पर्वतावर तो गुहेत होता. प्रथम डोंगर फोडणारा वारा आला, मग भूकंप, मग अग्नी. आणि परमेश्वर त्यांपैकी कशातही नव्हता. अग्नीनंतर मंद, कोमल ध्वनी आला, तेव्हा एलियाने झग्याने तोंड झाकले आणि तो गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. सेमिनरीच्या काळापासून आम्ही या उताऱ्यावर कितीतरी प्रवचने दिली; प्रत्येक वेळी त्या मंद ध्वनीवरच बोललो. वारा व अग्नी ओसरेपर्यंत गुहेत थांबून राहणे हाही त्या कथेचा भाग आहे, हे आम्हांस तोवर सुचले नव्हते.

बोगद्यापाशी असताना, निघण्यापूर्वी, आम्ही खाली उतरून ओढ्यात हात बुडवला होता. पाणी इतके गार होते की बोटे बधिर झाली. सोबत्यांनी टोपी काढली. आम्ही दोघांनी मृतांसाठी एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटले. त्यांनी इंग्रजीत, आम्ही मराठीत. पाच जणांसाठी म्हणायचे ठरवले होते. म्हणता म्हणता ज्यांची नावे वहीत चुकीची लिहिली गेली, तेही आठवले, आणि प्रार्थना आम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हटली.